लक्ष्मी ताल : पाण्याची हद्द आणि कारभाराची हद्द

पुणे शहरात वर्षाला सरासरी ७० ते ७५ सेंटिमीटर पाऊस पडतो. झाशीत पडतो ८५ सेंटिमीटरच्या आसपास. आकडे शेजारी शेजारी ठेवले तर झाशीचंच पारडं जड. तरीही बुंदेलखंड म्हटलं की आपल्याला आठवतात कोरड्या विहिरी, डोक्यावर हंडे घेऊन चालणाऱ्या बायका आणि कामधंद्यासाठी गाव सोडून निघालेली कुटुंबं. पाऊस पडतो, मग पाणी जातं कुठे?

या कोड्याचं उत्तर झाशीतल्या एका तळ्याच्या काठी उभं राहून चांगलं समजतं. जुन्या शहराच्या पूर्वेला, तटबंदीतल्या लक्ष्मी दरवाजाबाहेर हे तळं आहे. नाव लक्ष्मी ताल. हिंदी मुलखात ताल म्हणजे तलाव. नैनीतालमधला ताल तो हाच. काठावर महालक्ष्मीचं देऊळ आहे आणि जवळच राणी लक्ष्मीबाईंचे पती गंगाधरराव नेवाळकर यांची छत्री. झाशीला गेलेला मराठी माणूस किल्ला बघतो, राणीमहाल बघतो आणि वेळ उरला तर इकडे येतो. तोही देवीसाठी किंवा छत्रीसाठी. तळ्याकडे त्याची नजर ओझरतीच जाते.

खरं तर झाशीचा भूगोल, इतिहास आणि नगरकारभार या तिन्ही गोष्टी या पाण्यात एकत्र आल्या आहेत. आपण एकेक करून त्या उलगडू.

तव्यावर पडलेला पाऊस

सुरुवात खडकापासून करू. महाराष्ट्राचा बराचसा भाग काळ्या कातळावर, म्हणजे बेसॉल्टवर वसला आहे. तो साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा. बुंदेलखंडाचा पाया त्याहून कितीतरी जुना, सुमारे अडीचशे कोटी वर्षांचा ग्रॅनाइट आहे. झाशीचा किल्ला ज्या बंगरा टेकडीवर उभा आहे, ती याच खडकाची.

ग्रॅनाइट घट्ट असतो. वाळूच्या थरात कणाकणांमध्ये जागा असते, तिथे पाणी मुरून बसतं. ग्रॅनाइटच्या पोटात अशी जागा जवळजवळ नसते. पाणी शिरतं ते फक्त भेगांमधून आणि वरच्या झिजलेल्या, मुरमाड झालेल्या थरातून. हा थर अनेक ठिकाणी पातळ आहे. स्वयंपाकघरातली उपमा द्यायची तर लोखंडी तव्यावर एक फडकं पसरा आणि वरून तांब्याभर पाणी ओता. फडकं भिजेल तेवढं भिजेल, बाकीचं पाणी तव्याच्या कडेवरून खाली पळेल. मुरमाचा थर हे ते फडकं आणि ग्रॅनाइट हा तवा.

त्यात पावसाची तऱ्हा अशी की वर्षाच्या पावसातला सुमारे नव्वद टक्के भाग जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडून जातो, आणि त्यातही मोजक्या जोरदार सरींत. फडकं भिजायला लागणारा वेळही पाणी देत नाही. ते पश्चिमेकडच्या पहूज नदीला नाही तर पूर्वेकडच्या बेतव्याला जाऊन मिळतं, तिथून यमुनेत. उरलेले आठ महिने त्या पातळ फडक्यातल्या ओलीवर काढायचे असतात.

पुण्याचं कोडंही इथेच सुटतं. पुणं स्वतःवर पडणाऱ्या पावसावर जगत नाही. सह्याद्रीच्या माथ्यावर कोसळणारा कितीतरी पट जास्त पाऊस धरणांत अडतो आणि शहराच्या नळांना येतो. झाशीच्या पाठीशी असा सह्याद्री नाही. तिथे पाऊस जिथे पडतो तिथेच अडवावा लागतो, आणि तो अडवायचं तिथलं सर्वांत जुनं साधन म्हणजे तळं.

निसर्गाने या कामात एक मदतही करून ठेवली आहे. बुंदेलखंडात ग्रॅनाइटच्या मोठमोठ्या भेगांमध्ये गारगोटी भरली गेली आणि आजूबाजूचा खडक झिजून गेल्यावर ती गारगोटी लांबच लांब भिंतींसारखी उभी राहिली. या टेकड्या बहुतेक ईशान्य-नैऋत्य पसरलेल्या आहेत. दोन टेकड्यांमधल्या खिंडीत किंवा उताराच्या तोंडाशी छोटासा बांध घातला की मागे मोठं पाणी साठतं. चंदेल राजांनी महोब्याला मदनसागर, कीरतसागर असे तलाव बांधले. ओरछाच्या उदितसिंह राजाने झाशीजवळ बरुआसागर बांधला. समुद्र शेकडो कोस लांब असलेल्या या मुलखात लोकांनी तळ्यांनाच ‘सागर’ म्हटलं. पाण्याची किंमत किती वाटत असेल, ते या नावांतून दिसतं.

तळं म्हणजे खड्डा नव्हे

तळं म्हणजे पाणी भरलेला खड्डा, असं आपण समजतो. ही समजूत चुकीची आहे आणि तळ्यांचं बरंचसं नुकसान तिनेच केलं आहे.

तळ्याचे पाच अवयव असतात. पहिला पाणलोट, म्हणजे ज्या जमिनीवर पडलेलं पाणी उताराने तळ्याकडे येतं ती सगळी जमीन. दुसरा ओहोळ, पाणी येण्याच्या वाटा. तिसरा तळ्याचं पोट. चौथा बांध. पाचवा सांडवा, म्हणजे तळं भरल्यावर जास्तीचं पाणी सुखरूप बाहेर काढणारी वाट. यातलं फक्त पोट आपल्या डोळ्यांत भरतं, पण तळं जगतं ते पाचांवर. पोटाला अन्न तोंडातून जातं आणि ते अन्न कुठल्या तरी शेतात पिकतं. पाणलोट म्हणजे तळ्याचं शेत.

हे शेत किती मोठं लागतं, ते साध्या हिशोबाने पाहता येतं. समजा, एक हेक्टरचं, म्हणजे अडीच एकरांचं तळं आहे आणि त्याची खोली तीन मीटर आहे. त्यात तीन कोटी लिटर पाणी मावतं. आता एक हेक्टर जमिनीवर एक मिलिमीटर पाऊस पडला तर दहा हजार लिटर पाणी होतं. झाशीचा ८५० मिलिमीटर पाऊस धरला तर हेक्टरी ८५ लाख लिटर. त्यातला चौथा हिस्सा वाहून तळ्यापर्यंत पोचला असं मानलं तर हेक्टरी २१ लाख लिटर मिळतात. म्हणजे हे छोटं तळं एकदा भरायचं तर जवळजवळ १४ हेक्टर पाणलोट हवा. ऊन आणि वारा तळ्यातून वर्षभरात जेवढं पाणी उडवून नेतात ते त्या तळ्यावर थेट पडणाऱ्या पावसाहून जास्त असतं, म्हणून हिशोब खरा तर याहून कडक आहे.

यातून एक गोष्ट पक्की लक्षात ठेवायची. तळं कागदावर जेवढं दिसतं त्याच्या कितीतरी पट मोठं ते जमिनीवर असतं. काठाला कुंपण घालून तळं राखता येत नाही. त्याचं शेत आणि त्याच्या वाटा राखाव्या लागतात.

मराठी माणसं या पाण्याकाठी कशी आली

बंगरा टेकडीवरचा किल्ला १६१३ साली ओरछाच्या वीरसिंह देवाने बांधला. तेव्हा खाली शहर असं काही मोठं नव्हतं. पुढे छत्रसाल बुंदेल्यावर मोगल सरदार महंमदखान बंगशाने चाल केली, पहिला बाजीराव १७२९ मध्ये मदतीला धावला आणि कृतज्ञ छत्रसालाने आपल्या राज्याचा तिसरा हिस्सा पेशव्यांना दिला. बुंदेलखंडाचे दरवाजे मराठ्यांना असे उघडले.

१७४२ मध्ये झाशीचा कारभार नारोशंकर यांच्याकडे आला. नाशिककरांना हे नाव सांगावं लागत नाही. गोदावरीच्या काठचं नारोशंकराचं देऊळ आणि त्याची भलीमोठी घंटा त्यांचीच, मालेगावचा भुईकोटही त्यांचाच. गोदेला पूर आला की पाणी घंटेपर्यंत पोचलं का, यावरून नाशिककर पुराचा अंदाज घेत आले आहेत. त्याच नारोशंकरांनी पंधरा वर्षांत झाशीचा किल्ला वाढवला, आजूबाजूची वस्ती आणून शहर वसवलं. किल्ल्याच्या वाढवलेल्या भागाला शंकरगड म्हणतात.

नंतर सुभेदारी नेवाळकर घराण्याकडे आली. हे मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातल्या कोट गावचे, पुढे खानदेशातल्या पारोळ्याशी जोडले गेलेले. १७७० च्या आसपास सुभेदार झालेल्या रघुनाथराव नेवाळकरांच्या काळात महालक्ष्मीचं देऊळ उभं राहिलं. महालक्ष्मी ही या घराण्याची कुलस्वामिनी. कोकणातून निघालेल्या घराण्याने शेकडो कोसांवर आपली देवी स्थापली ती शहराबाहेर, पाण्याच्या काठी.

कोल्हापूरचा माणूस हे वाचून चमकेल. तिथे अंबाबाई आणि रंकाळा, इथे महालक्ष्मी आणि ताल. देवी आणि पाणी यांची जोडी आपल्याकडे इतकी सरावाची आहे की तिचं कारण आपण विचारत नाही. कारण साधं आहे. देवळाला रोज पाणी लागतं, जत्रेला येणाऱ्यांना लागतं, आणि जिथे हजारो माणसं पाय धुऊन ओंजळ भरतात ते पाणी घाण करायला हात धजत नाही. सरकारी शिपाई नसताना तळ्याला मिळालेली ही राखणच होती.

दरवाजा, देऊळ आणि तळं

पुढे नेवाळकरांपैकीच शिवरावभाऊ सुभेदार असताना शहराला तट झाला. त्या तटाला दहा दरवाजे होते : खंडेराव, दतिया, उन्नाव, ओरछा, बडागाव, लक्ष्मी, सागर, सैंयर, भांडेर आणि झिरना. बहुतेक दरवाजांची नावं ज्या गावाकडे वाट जाते त्या गावाची आहेत. लक्ष्मी दरवाजा मात्र कुठल्या गावाकडे नाही, देवीकडे आणि तळ्याकडे जातो. दरवाजा, देऊळ आणि ताल, तिघांचं नाव एक. ज्यांनी हे शहर रचलं त्यांच्या मनात या तीन वेगळ्या गोष्टी नव्हत्या.

२१ नोव्हेंबर १८५३ रोजी गंगाधरराव वारले. त्यांची छत्री राणी लक्ष्मीबाईंनी याच परिसरात उभारली. राणी मंगळवारी आणि शुक्रवारी महालक्ष्मीच्या दर्शनाला जात. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५८ च्या वेढ्यात झाशीतच सापडले होते. १९०७ साली छापल्या गेलेल्या त्यांच्या ‘माझा प्रवास’ या पुस्तकात या देवळाचा उल्लेख येतो. झाशीच्या सार्वजनिक जीवनाचं ते एक केंद्रच होतं.

त्याला आर्थिक बाजूही होती. देवळाच्या खर्चासाठी दोन गावांचं उत्पन्न लावून दिलेलं होतं. गावांचा महसूल देवळाला, देवळाची माणसं पाण्याच्या काठावर कायमची हजर, आणि या सगळ्यावर देखरेख करणारा सुभेदार किंवा राजा जवळच किल्ल्यात. ही व्यवस्था लोकशाही नव्हती. सत्ता एका घराण्याच्या हाती होती, रयतेला जाब विचारायची सोय नव्हती. पण तिच्यात एक गुण होता. पाणी, जमीन, पैसा आणि हुकूम यांची सूत्रं एका हातात होती. तळ्याचं काही बिघडलं तर कुणाकडे जायचं, हा प्रश्न पडत नव्हता.

राज्य गेलं, देखरेख तुटली

१८५४ मध्ये कंपनी सरकारने गंगाधररावांचा दत्तक नामंजूर करून झाशी खालसा केली. शाळेत आपण इथपर्यंत शिकतो. त्यानंतर सरकारने महालक्ष्मीच्या देवळाला लावून दिलेली ती दोन गावंही काढून घेतली, हे कमी जणांना ठाऊक असतं. राणींनी या गोष्टीला विरोध केला होता आणि झाशीतल्या असंतोषाच्या कारणांमध्ये इतिहासकारांनी तिची नोंद केली आहे. दिल्ली-कलकत्त्याच्या नकाशावर दोन गावं म्हणजे दोन ठिपके. लक्ष्मी दरवाजाबाहेर मात्र ते देवळाच्या रोजच्या व्यवस्थेचं मूळ होतं.

मार्च १८५८ मध्ये सर ह्यू रोजचा वेढा पडला, ३ एप्रिलला इंग्रज फौज तटाच्या आत शिरली, पुढच्या रात्री राणी बाहेर पडल्या. शहराची लूट झाली, कत्तल झाली. त्यानंतरची प्रशासकीय कथा फारशी सांगितली जात नाही, पण आपल्या विषयासाठी ती महत्त्वाची आहे.

१८६१ मध्ये इंग्रजांनी झाशी शहर आणि किल्ला ग्वाल्हेरच्या शिंद्यांना दिला. जिल्ह्याचं मुख्य ठाणं मात्र तटाबाहेरच्या झाशी नौआबाद या वस्तीत आपल्याकडेच ठेवलं. १८८६ मध्ये ग्वाल्हेरचा किल्ला आणि मुरारची छावणी शिंद्यांना परत करून त्या बदल्यात झाशी पुन्हा ताब्यात घेतली. म्हणजे २५ वर्षं एकमेकांना लागून असलेल्या वस्त्यांवर दोन सरकारं राज्य करत होती. पाणी एका उताराने वाहत होतं, हद्द मधून गेली होती.

पुढे नगरपालिका आली, रेल्वे आली, कारखाना आणि छावणी वाढली. आजही झाशीचं शहरी क्षेत्र एका हाताखाली नाही. मोठा भाग महानगरपालिकेचा, छावणी कँटोन्मेंट बोर्डाची, आणि रेल्वेची वसाहत जनगणनेतसुद्धा वेगळी मोजली गेली आहे.

आज तळ्याचा कारभारी कोण?

झाशीची नगरपालिका २००२ साली महानगरपालिका झाली. तिकडे तिला नगर निगम म्हणतात. २०११ च्या जनगणनेत तिची लोकसंख्या पाच लाखांवर होती. शहराचे ६० प्रभाग आहेत, प्रत्येकातून एक नगरसेवक म्हणजे तिकडचा पार्षद. महाराष्ट्रातला महापौर नगरसेवकांनी निवडलेला असतो. उत्तर प्रदेशात महापौराला मतदार थेट निवडतात. प्रत्यक्ष कारभार राज्य सरकारने नेमलेले नगर आयुक्त पाहतात.

आता तळ्याच्या पाच अवयवांची वाटणी बघा. जमिनीची नोंद महसूल खात्याकडे असते. आपला तलाठी तो तिकडचा लेखपाल, आपला सातबारा ती तिकडची खतौनी. काठाचं सुशोभीकरण आणि आसपासच्या बांधकामांची परवानगी यांत विकास प्राधिकरणाचा हात असतो. गटारं आणि सफाई नगर निगमची. सांडपाण्याचे मोठे नळ आणि शुद्धीकरण केंद्रं बांधायचं काम जल निगमचं. पाण्याची तपासणी प्रदूषण नियंत्रण मंडळाची. यात २०१७ मध्ये स्मार्ट सिटीची स्वतंत्र कंपनीही आली. प्रत्येकाचं काम नेमून दिलेलं आहे आणि प्रत्येक जण आपापल्या कामापुरता बरोबरही असू शकतो. पण पाणलोट, ओहोळ, पोट, बांध आणि सांडवा या सगळ्यांकडे एकाच वेळी बघणारा कुणी या यादीत नाही.

कायद्यातही एक पोकळी आहे. १९९२ च्या ७३ व्या आणि ७४ व्या घटनादुरुस्तीने ग्रामपंचायती आणि नगरपालिका यांना घटनेत स्थान मिळालं. त्यासोबत कामांच्या दोन याद्या जोडल्या गेल्या. गावांसाठी अकरावी अनुसूची, तिच्यात २९ विषय; शहरांसाठी बारावी, तिच्यात १८. गावाच्या यादीतला तिसरा विषय आहे लघुपाटबंधारे, जलव्यवस्थापन आणि पाणलोट विकास. शहराच्या यादीत पाणीपुरवठा आहे, स्वच्छता आहे, पर्यावरण आहे, बागा आणि क्रीडांगणं आहेत. पाणलोट हा शब्द नाही.

याचा अर्थ नीट समजून घेऊ. एखादं तळं गावात असतं तोवर ते पाणलोटाचा भाग म्हणून कारभारात येतं. शहर वाढत येऊन त्याला गिळतं त्या दिवशी ते बागेच्या रांगेत जाऊन बसतं. मग त्याच्यासाठी पैसा निघतो तोही बागेसारखाच : कठडा, दिवे, बाकं, फिरायला रस्ता. हे वाईट नाही. संध्याकाळी काठावर माणसं येतात, तळ्याकडे लक्ष राहतं. पण कठड्याने ओहोळाचं तोंड बंद झालं किंवा वरच्या उतारावर प्लॉट पडले तर रोषणाईतलं तळं उपाशी मरतं.

असं फक्त झाशीत घडलेलं नाही. पूर्व विदर्भात कोहळी समाजाच्या कारागिरीने बांधलेले हजारो मालगुजारी तलाव आहेत. तिथे त्यांना मामा तलाव म्हणतात. १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली. ते न्याय्यच होतं. पण तलाव सरकारजमा झाले तेव्हा गाळ काढण्याची आणि पाळ दुरुस्त करण्याची गावाची जुनी रीत मोडली आणि तिच्या जागी तितकी जवळची नवी रीत आली नाही. जमीनदारी जायलाच हवी होती. जबाबदारी मात्र कुणाच्या तरी नावावर चढवायला हवी होती.

सांडपाणी तळ्याला कसं मारतं

जुन्या शहराचा उतार ज्या तळ्याकडे असतो त्याच्याकडे पावसाचं पाणी येतं, आणि शहर वाढलं की त्याच वाटेने सांडपाणीही येतं. लक्ष्मी तालाचं हेच झालं. शहरातले नाले त्याला येऊन मिळाले, काठावर अतिक्रमणं झाली, पाण्यावर जलपर्णी पसरली. प्रकरण राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणापर्यंत गेलं.

आत काय घडतं ते क्रमाने पाहू. सांडपाण्यात दोन गोष्टी असतात : कुजणारा मैला आणि खतासारखे क्षार. मैला खायला सूक्ष्मजीव तुटून पडतात आणि खाताना पाण्यात विरघळलेला प्राणवायू वापरतात. बंद खोलीत दहाऐवजी शंभर माणसं कोंबली तर हवा जशी संपते, तसा पाण्यातला प्राणवायू संपतो. मैला कुजवायला किती प्राणवायू लागेल, या मापाला जैविक प्राणवायू मागणी म्हणतात. अंघोळीच्या लायकीच्या पाण्यात ती लिटरमागे ३ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावी आणि विरघळलेला प्राणवायू निदान ५ मिलिग्रॅम असावा, असा आपल्या देशात निकष आहे. मागणी वाढली, प्राणवायू घटला की मासे आधी मरतात.

क्षारांचं काम उलट्या दिशेने चालतं. ते मारत नाहीत, वाढवतात, पण नको ते. दक्षिण अमेरिकेतून आलेली जलपर्णी त्या खतावर माजते आणि पाण्यावर हिरवा गालिचा अंथरते. उजेड खाली जात नाही, म्हणून पाण्याखालची वनस्पती मरते. गालिचा कुजून तळाला बसतो, गाळ वाढतो, तळं उथळ होतं. उथळ पाणी लवकर तापतं, आणि तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी मावतो. एकातून दुसरं, दुसऱ्यातून तिसरं, असं हे चक्र फिरत राहतं. म्हणून जलपर्णी काढणं हा तापावर पट्टी ठेवण्यासारखा उपाय आहे. तिला खत मिळतंय तोवर ती पुन्हा येणारच.

मग सगळे नाले वळवून टाकावेत का? इथेच खरी गाठ आहे. पावसाचं पाणी आणि सांडपाणी एकाच नाल्याने येत असेल तर नाला वळवला की घाण थांबते, पण तळ्याचं अन्नही तुटतं. नाला सोडला तर तळं भरतं, पण विषाने. यावर उपाय आहे तो नाल्याच्या तोंडाशी बुटका बंधारा घालण्याचा. उन्हाळ्या-हिवाळ्यात नाल्याला बोटभर घाण पाणी असतं, ते बंधाऱ्यामागे अडतं आणि नळाने शुद्धीकरण केंद्राकडे जातं. पावसाळ्यात लोंढा आला की तो बंधारा ओलांडून तळ्यात पडतो. पहिल्या एक-दोन सरी रस्त्यावरची सगळी घाण धुऊन आणतात, त्या मात्र तळ्यात जाऊ द्यायच्या नाहीत. आणि केंद्रात खरोखर शुद्ध झालेलं पाणी उन्हाळ्यात तळ्याला परत देता येतं.

हे तंत्र अवघड नाही. अवघड आहे ते एवढंच की नाल्याचं तोंड एका खात्याचं, नळ दुसऱ्याचा, केंद्र तिसऱ्याचं आणि तळं चौथ्याचं. चौघांनी एकाच नकाशावर बोट ठेवल्याशिवाय बंधारा योग्य जागी पडत नाही.

चौकट : थोडक्यात

• झाशीत पाऊस कमी नाही. ग्रॅनाइटमुळे तो मुरत नाही आणि चार महिन्यांत वाहून जातो.

• तळ्याचे अवयव पाच : पाणलोट, ओहोळ, पोट, बांध, सांडवा. काठ राखून तळं राहत नाही.

• नेवाळकरांच्या काळात देऊळ, दरवाजा, तळं आणि कारभार एकमेकांना बांधलेले होते. १८५४ नंतर ती गाठ सुटली.

• घटनेतल्या गावाच्या यादीत पाणलोट आहे, शहराच्या यादीत नाही.

• जलपर्णी हा आजार नव्हे, आजाराची खूण आहे. आजार सांडपाण्याचा.

करता येण्यासारखं

कायद्याने नागरिकांचे हात अगदीच बांधलेले नाहीत. २००१ साली उत्तर प्रदेशातल्याच एका गावतळ्याच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की तळी ही समाजाची संपत्ती आहे, घरं बांधायला ती वाटून टाकता येणार नाहीत. त्या निकालाचा आधार देशभर घेतला जातो. पण न्यायालय तळं वाचवण्याचा हुकूम देऊ शकतं, रोज तळ्याची काळजी घेऊ शकत नाही. ते काम स्थानिक कारभाराचंच.

त्यासाठी तीन गोष्टी पुरेशा आहेत. पहिली, प्रत्येक तळ्याचा पाणलोट नकाशावर आखून तो शहराच्या विकास आराखड्यात दाखवावा, म्हणजे बांधकामाची परवानगी देणाऱ्याला ओहोळ दिसेल. दुसरी, तळ्याची जबाबदारी एका अधिकाऱ्याच्या नावावर असावी आणि बाकीच्या खात्यांनी त्याला हिशोब द्यावा. तिसरी, पाणलोट ज्या ज्या प्रभागांतून जातो त्या सगळ्या नगरसेवकांची आणि रहिवाशांची एक समिती असावी. काठावरच्या एकाच प्रभागाने तळं वाचत नाही, कारण घाण बहुतेक वेळा वरच्या प्रभागातून येते. एके काळी जे सुभेदाराच्या एका हुकुमाने होत होतं ते आता अनेकांच्या संमतीने करायचं आहे. ते जास्त कष्टाचं आहे आणि जास्त टिकाऊही ठरेल, कारण ते कुठल्या घराण्याबरोबर संपणार नाही.

झाशीला जाल तेव्हा किल्ला जरूर पाहा. मग लक्ष्मी दरवाजातून बाहेर पडा, देवीला नमस्कार करा आणि काठावर उभं राहून एकच गोष्ट शोधा : या तळ्यात पाणी कुठून येतं? घरी परत आल्यावर आपल्या गावच्या तळ्याकाठी उभं राहून तोच प्रश्न विचारा. उत्तर सापडलं की त्या वाटेवर कोणाचा अधिकार चालतो ते शोधा आणि पुढच्या ग्रामसभेत किंवा प्रभाग सभेत ते नाव घेऊन विचारा. राणींच्या गावाशी नातं सांगणाऱ्या आपल्यासारख्यांनी एवढं तरी करायला हवं.